घड्याळाला न सापडणारा ‘ध’

अमेरिकेत वाढलेला नातू सुट्टीत पुण्याला येतो. दोन दिवस हुंदडण्यात जातात, तिसऱ्या दिवशी बाहेर गेल्यावर तो कंटाळून म्हणतो, “आजोबा, मला गरी जायचंय.” आजोबा समजावतात, “गरी नव्हे रे, घरी. घ, घ.” नातू मन लावून ऐकतो आणि म्हणतो, “गरी.” त्याच्या मते त्याने आजोबांची हुबेहूब नक्कल केलेली असते. आजोबा कपाळाला हात लावतात.

मुलाचे कान ठणठणीत आहेत. जीभ, टाळू, घसा यांतही काही उणं नाही. मग आजोबांच्या तोंडातून निघून त्याच्या कानापर्यंत जे पोचलं, त्यात ‘घ’ होता की नव्हता? आणि होता, तर नेमका कुठे होता?

शाळेत आपण वर्णमाला शिकतो ती तोंडाच्या हिशोबाने. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. ही मांडणी इतकी नेटकी आहे की ती करणाऱ्यांपुढे हात जोडावेत. पण ऐकणाऱ्याच्या कानाला बोलणाऱ्याची जीभ दिसत नाही. त्याच्याकडे येतो तो फक्त हवेच्या दाबातला चढउतार. त्या चढउतारात अक्षरं कशी दडलेली असतात, हे शोधणारी ध्वनिविज्ञानाची शाखा म्हणजे अकूस्टिक फोनेटिक्स. तिच्या प्रयोगशाळांमध्ये घ-ध-भ या मंडळींनी एकदा चांगलीच पंचाईत केली होती. तिथवर पोचण्याआधी थोडी तयारी करावी लागेल, आणि ती स्वरांपासून.

कळशी भरताना

नळाखाली कळशी लावून आपण दुसऱ्या कामाला लागतो, तरी ती भरत आल्याचं कान सांगतात. पाणी चढतं तसा कळशीतल्या हवेचा खांब आखूड होतो आणि आवाज बारीक होत जातो. नळ तोच, पाणी तेच. बदलते ती फक्त वरची पोकळी. प्रत्येक पोकळी आपल्या मापाला जुळणारी कंपनं उचलून मोठी करते आणि बाकीची दाबून टाकते. यालाच अनुनाद म्हणतात.

बोलतानाही हेच घडतं. छातीतून आलेली हवा गळ्यातल्या स्वरतंतूंना थरथरवते. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा उघडझाप करतात, स्त्रीचे २०० च्या आसपास, लहान मुलांचे त्याहून जास्त. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. गळ्यातला हा मूळ आवाज म्हणजे नुसती भुणभुण. तिच्यात १२० हर्ट्झबरोबर २४०, ३६०, ४८० अशी पटीतली कंपनंही असतात. ‘आ’ किंवा ‘ई’ मात्र तिच्यात कुठेच नसतो. तो घडतो वरच्या पोकळीत.

स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची ही वाट प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंटिमीटर भरते. ती एका टोकाला बंद असलेली सरळ नळी आहे असं धरलं, तर आवाजाचा वेग नळीच्या चौपट लांबीने भागायचा. उत्तर येतं ५०० हर्ट्झच्या आसपास. पुढचे अनुनाद त्याच्या तिप्पट आणि पाचपट, म्हणजे १५०० आणि २५००. तोंड सैल सोडून काढलेल्या अस्फुट ‘अ’मध्ये खरोखरच हे आकडे जवळपास असेच मिळतात. बोलणाऱ्याच्या या अनुनादांना ‘फॉर्मंट’ म्हणतात. जबडा उघडला की पहिला फॉर्मंट वर चढतो. जीभ पुढे सरकली की दुसरा. गळ्यातला उगम वेगळा आणि वरची पोकळी वेगळी, दोघांचा हिशोब स्वतंत्र मांडायचा, हा विचार स्वीडनच्या गुन्नार फान्टने १९६० च्या ग्रंथात पक्क्या गणितात बसवला. त्याच्या आधी जपानच्या चिबा आणि काजियामा यांनी १९४१ मध्ये स्वरांवर असंच मूलगामी काम केलं होतं, पण युद्धाच्या धामधुमीत ते बाहेर फारसं पोचलं नाही.

दोघांचा हिशोब खरंच स्वतंत्र आहे का, हे आत्ता बसल्या जागी पाहता येतं. गळ्यातला आवाज पूर्ण बंद करून, कुजबुजल्यासारखं ‘ई’, ‘आ’, ‘ऊ’ म्हणा. स्वरतंतू थरथरत नाहीत, तरी तिन्ही स्वर स्पष्ट ओळखू येतात. शिवाय ‘ई’ची कुजबुज उंच, ‘आ’ची मधली आणि ‘ऊ’ची खालची लागते. हा जो उतार ऐकू येतो, तो मुख्यतः दुसऱ्या फॉर्मंटचा.

अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत पीटरसन आणि बार्नी यांनी ७६ जणांचे स्वर मोजून १९५२ मध्ये आकडे छापले. पुरुषांच्या ‘ई’सारख्या स्वरात पहिले दोन फॉर्मंट सरासरी २७० आणि २२९० हर्ट्झ, ‘आ’सारख्या स्वरात ७३० आणि १०९०, ‘ऊ’सारख्या स्वरात ३०० आणि ८७०. पण ही झाली सरासरी. ७६ जणांचे ठिपके एकाच कागदावर मांडले तेव्हा एकाचा स्वर दुसऱ्याच्या वेगळ्याच स्वराच्या हद्दीत शिरलेला दिसला. तरीही ऐकणाऱ्यांचा फारसा गोंधळ होत नव्हता. कारण कान सुटे आकडे वाचत नाही. बोलणाऱ्याच्या बाकीच्या स्वरांशी त्यांचं नातं जोडतो. लेडफोगेड आणि ब्रॉडबेंट यांनी १९५७ मध्ये ते दाखवून दिलं. शेवटचा शब्द तोच ठेवून त्याच्या आधीच्या वाक्याचे फॉर्मंट तेवढे बदलले, तर लोकांना शेवटचा शब्दच वेगळा ऐकू आला.

आवाजाचं चित्र

स्वर तुलनेने गरीब असतात. व्यंजनं हाताला लागत नाहीत, कारण ती क्षणात येऊन जातात. त्यांना पकडायला चित्र लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेल प्रयोगशाळेत एक यंत्र तयार झालं, स्पेक्ट्रोग्राफ. त्यात सुमारे अडीच सेकंदांचं बोलणं भरायचं, मग ते पुन्हापुन्हा फिरवून त्यातली एकेक कंपनपट्टी गाळून घ्यायची आणि फिरत्या कागदावर सुईने जाळत उमटवायची. पॉटर, कॉप आणि ग्रीन यांनी १९४७ मध्ये या चित्रांवर एक पुस्तकच काढलं. कर्णबधिरांना बोलणं डोळ्यांनी वाचता येईल, अशी त्यांना उमेद होती. सरावाने काही जणांना थोडंफार जमलं, पण पुस्तक वाचावं तसं बोलणं वाचता येईना. का येईना, याचं उत्तर पुढे येईल.

> चौकट: स्पेक्ट्रोग्राम कसा वाचायचा?
> डावीकडून उजवीकडे वेळ जातो. खालून वर हर्ट्झ वाढतात. जिथे जोर जास्त, तिथे काळेपणा जास्त. स्वर म्हणजे आडव्या जाड काळ्या पट्ट्या. सर्वांत खालची पट्टी पहिला फॉर्मंट, तिच्या वरची दुसरा. स्वरतंतूंची एकेक उघडझाप बारीक उभ्या रेघांनी दिसते. ‘स’, ‘श’ म्हणजे वरच्या भागात करड्या रंगाची भुरभुर. आणि कोरी पांढरी पट्टी? ती बहुधा क, ट, त किंवा प यांपैकी कुणीतरी.

‘क’ नावाची शांतता

चौकटीतलं शेवटचं वाक्य पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं. ‘काका’ शब्दाच्या चित्रात दुसऱ्या ‘क’ला शोधू गेलं तर मिळते ती शांतता. जिभेने वाट अडवली, आवाज थांबला. अडसर सुटताना एक बारीक उभी काळी रेघ येते, तो स्फोट. मग पुढच्या ‘आ’च्या पट्ट्या वाकत वाकत आपल्या जागी येतात. एवढाच काय तो ‘क’. ‘प’ आणि ‘त’ही याच सामानातून बनतात. मग ‘प’ कोणता आणि ‘क’ कोणता, हे कानाला कळतं कशावरून?

न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत कूपर, लिबरमन आणि मंडळींनी उलटं यंत्र बांधलं. हाताने रंगवलेलं चित्र त्यात सरकवायचं आणि यंत्र ते बोलून दाखवणार. आता एकेक रेघ हवी तशी काढून पाहता येऊ लागली. १९५२ मध्ये त्यांनी एक चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. साधारण १४४० हर्ट्झवरचा एकच स्फोट ‘ई’ आणि ‘ऊ’च्या आधी ठेवला तर लोकांना ‘प’ ऐकू येई. तोच ‘आ’च्या आधी ठेवला तर ‘क’. आवाज तोच, अक्षर वेगळं. दुसरीकडे ‘डी’ आणि ‘डू’ यांच्या चित्रांत दुसरा फॉर्मंट एकीकडे वर चढत येतो, दुसरीकडे खाली उतरत येतो, आणि कान मात्र दोन्हींना एकच अक्षर म्हणतो. तेवढाच वाकलेला तुकडा कापून ऐकवला तर तो अक्षर वाटतच नाही, पाखराची चिवचिव वाटते.

म्हणजे बोलण्यात अक्षरं एकामागून एक मांडलेली नसतात. ती एकमेकांत मिसळलेली असतात आणि प्रत्येक अक्षराची खूण शेजारच्या स्वरावर उमटते. आपल्या ‘ट’चंच पाहा. जीभ मागे वळून टाळूला लागते, त्याने तिसरा फॉर्मंट खाली ओढला जातो, आणि ही ओढ ‘ट’च्या आधीच्या स्वरात जास्त स्पष्ट दिसते. ‘ट’ यायच्या आतच त्याची वर्दी मिळालेली असते. १९४७ च्या त्या पुस्तकाची उमेद फळली नाही, त्याचं कारणही हेच. छापलेल्या ओळीत अक्षर कुठेही आलं तरी तसंच दिसतं. या चित्रात ते शेजाऱ्यागणिक बदलतं.

स्टॉपवॉच घेऊन वर्णमालेपाशी

आता तार, थार, दार, धार हे चार शब्द एकापाठोपाठ म्हणा. जीभ चारही वेळा एकाच जागी, वरच्या दातांपाशी टेकते. फरक आहे तो गळ्यात, आणि त्यातला बराचसा फरक वेळेचा आहे.

जीभ सुटली तो स्फोटाचा क्षण शून्य धरा. ‘दार’ म्हणताना स्वरतंतू शून्याच्या आधीच, सुमारे शंभर मिलिसेकंद, थरथरू लागलेले असतात. (हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद.) ‘तार’मध्ये ते स्फोटानंतर लगेच, फार तर पंधरा-वीस मिलिसेकंदांत सुरू होतात. ‘थार’मध्ये साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त मिलिसेकंद नुसती हवा सुटते, मग ते जागे होतात. आकडे ढोबळ आहेत, बोलणाऱ्यागणिक आणि वर्णागणिक बदलतात, पण क्रम पक्का. स्फोट आणि घोष यांतल्या या अंतराला ‘व्हॉइस ऑनसेट टाइम’ म्हणतात. आपण त्याला घोषाची वेळ म्हणू.

ही कल्पना हॅस्किन्स प्रयोगशाळेच्याच ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांवर तपासून मांडली. घोष, अघोष, महाप्राण, अल्पप्राण अशी वेगवेगळी नावं न देता एकाच घड्याळाने जगातली स्फोटक व्यंजनं मोजता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. इंग्रजी, डच, स्पॅनिश, हंगेरियन, कँटोनीज आणि तमिळ या भाषांत असे दोन गट होते. थाई, कोरियन आणि पूर्व आर्मेनियनमध्ये तीन. आणि चार गटांच्या दोनच भाषा त्यांनी घेतल्या होत्या: हिंदी आणि मराठी.

घड्याळाने बरंच काम चोख केलं. आपल्या नातवाचाही अर्धा उलगडा त्यातून होतो. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी’ची वेळ सरासरी ५८ मिलिसेकंद निघाली, ‘टी’ची ७०, ‘के’ची ८०. म्हणजे ते वर्ण आपल्या महाप्राणांच्या हद्दीत राहतात. उलट इंग्रजी ‘बी’ बहुतेक वेळा शून्याच्या लगत येतो, म्हणजे जिथे आपला ‘प’ बसतो तिथे. म्हणून नातू ‘काका’ म्हणतो तेव्हा कानाला थोडा ‘खाका’चा भास होतो आणि त्याचा ‘बाबा’ मध्येच ‘पाबा’कडे झुकतो. त्याच्या उच्चारात आळस नाही. त्याच्या घड्याळावरच्या खुणाच वेगळ्या ठिकाणी कोरलेल्या आहेत.

या खुणा किती लवकर कोरल्या जातात, ते जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात पाहिलं. त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वेगळे कळत होते. वर्षाच्या आसपास तीच क्षमता जवळजवळ मावळली होती. घरात ज्या फरकाचा उपयोग नाही, तो फरक कान टिपायचं सोडून देतो. नातवाला ‘घ’ शिकवायचा सर्वांत सोपा काळ तो रांगत असतानाच निघून गेला. याचा अर्थ पुढे शिकताच येत नाही असा नाही, पण मग सराव लागतो, आणि कपाळाला हात लावून तो होत नाही.

मधली वाट

पंचाईत झाली ती चौथ्या गटाशी. ‘दार’ आणि ‘धार’ यांची घोषाची वेळ मोजली तर दोन्हीकडे स्वरतंतू स्फोटाच्या आधीच सुरू झालेले. आकडे एकमेकांवर चढतात. घड्याळाच्या मते ‘द’ आणि ‘ध’ एकच! मराठी माणसाचं तान्हं पोर जो फरक करतं, तो मोजणीत उतरेना. लिस्कर-अब्रॅमसन यांनी हे झाकून ठेवलं नाही. हिंदी-मराठीच्या सघोष महाप्राणांना हे एकच माप पुरत नाही, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं.

‘ध’चं गुपित स्फोटाच्या नंतर आहे. ‘थ’मध्ये स्फोटानंतर स्वरतंतू दूर असतात आणि नुसती हवा जाते. ‘द’मध्ये ते व्यवस्थित मिटत-उघडत राहतात. ‘ध’मध्ये ते थरथरतात खरे, पण पुरते मिटत नाहीत. त्यांच्यामधल्या फटीतून हवा निसटत राहते, आणि घोष व सुस्कारा दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. चित्रात ‘धा’च्या स्वराची सुरुवात धुरकट दिसते, उभ्या रेघा असतात, पण त्यांच्या मधली जागा भुरभुरीने भरलेली. तंतू टाळी दिल्यासारखे न मिटता हलकेच हेलकावत असल्यामुळे वरची पटीतली कंपनं दुबळी होतात आणि सर्वांत खालचं मूळ कंपन त्यांच्या तुलनेत ठळक होतं. आज ‘ध’ मोजायचा तर घड्याळाबरोबर मूळ कंपन आणि त्याच्या दुपटीचं कंपन यांच्या जोरातला फरकही पाहतात.

इथे आपल्याकडच्या जुन्या ध्वनिशास्त्रज्ञांची आठवण निघायलाच हवी. तैत्तिरीय प्रातिशाख्य हे वैदिक उच्चारांचं जुनं शास्त्र सांगतं की कंठ मिटलेला असताना नाद होतो, उघडा असताना श्वास, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार. वर्गातल्या चौथ्या वर्णांत, म्हणजे घ, झ, ढ, ध, भ यांत, हाच हकार असतो, असंही ते सांगतं. प्रातिशाख्यांचा इंग्रजी अनुवाद करणारा अमेरिकन संस्कृतज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी याच्या गळी हे काही केल्या उतरेना. श्वास आणि नाद यांच्या मधला उच्चार आपल्या परिचयाचा नाही, अशा अर्थाचा शेरा त्याने मारला. त्याची अडचण त्या नातवासारखीच होती, असं म्हणायचा मोह होतो. प्रातिशाख्यकारांकडे ना यंत्र होतं ना स्टॉपवॉच. त्यांच्याकडे चारही वर्ण रोज वापरणारा गळा होता आणि त्या गळ्याकडे बारकाईने लक्ष द्यायची शिस्त होती.

मराठीत हा सुस्कारा क-त-प वर्गांपुरता थांबत नाही. ‘म्हण’, ‘न्हाणी’, ‘व्हावं’ यांतले म्ह, न्ह, व्ह हे जगातल्या मोजक्याच भाषांत सापडणारे ध्वनी आहेत. कॅन्सस विद्यापीठात केली बर्कसन यांनी २०१३ मध्ये मराठीच्या या सगळ्या कुटुंबावर प्रबंध लिहिला. परक्या अभ्यासकांना मराठीचं आकर्षण वाटावं ते यासाठी.

महाप्राण स्फोटाच्या नंतर राहतो, हे ध्यानात घेतलं की आणखी एक गोष्ट उलगडू लागते. हिंदीत ‘भूख’, ‘भीख’, ‘हाथ’. मराठीत ‘भूक’, ‘भीक’, ‘हात’. बोलताना ‘दूध’चं ‘दूद’ होतंच. शब्दाच्या शेवटी पुढे स्वर नसतो, त्यामुळे सुस्काऱ्याला उमटायला जागा तोकडी पडते. सगळीच कारणं एवढ्यात येत नाहीत, पण महाप्राण गळायचा असेल तर तो शेवटच्या जागी आधी गळणार, हे या रचनेतच आहे.

लिपीत एक, चित्रात दोन

उलटा प्रकारही आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा. लिहिताना एकच ‘ज’, बोलताना दोन. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चंही तेच. देवनागरी इथे गप्प बसते. स्पेक्ट्रोग्राम बसत नाही. दुनियेच्या ‘ज’मध्ये घर्षणाची भुरभुर ‘श’सारखी खालून, अडीच-तीन हजार हर्ट्झपासून सुरू होते. दातांपाशी होणाऱ्या दुसऱ्या ‘ज’मध्ये ती ‘स’सारखी वर, चार हजारांच्या पुढे एकवटते. परप्रांतातून आलेला माणूस मराठी वाचून शिकतो आणि ‘चारा’ म्हणताना अडकतो, कारण ही माहिती त्याला कागदावर कुणी दिलेलीच नसते.

फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांचा घोळ का होतो, तेही इथेच कळतं. जुनी टेलिफोन यंत्रणा फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवते. स्वरांचे कामाचे फॉर्मंट त्यात मावतात, म्हणून बोलणं समजतं. ‘स’चा जीव मात्र त्या पट्ट्याच्या वर असतो. आडनाव सांगताना ‘सफरचंदातला स’ म्हणावं लागतं ते त्यामुळे. नव्या मोबाइल जाळ्यांत हा पट्टा सुमारे सात हजारांपर्यंत रुंदावला आहे, तिथे हा त्रास कमी होतो.

घरच्या घरी

हे सगळं पाहायला आता प्रयोगशाळा लागत नाही. ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं ‘प्रात’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या संगणकावर चालतं. जगभरचे ध्वनिशास्त्राचे विद्यार्थी तेच वापरतात. दिसायला ते रुक्ष आहे, पण काम चोख करतं. तार, थार, दार, धार हे शब्द सुटे न म्हणता ‘मी धार म्हणते’ अशा एकाच वाक्यात बसवून म्हणावेत, म्हणजे प्रत्येक शब्दाला शेजारी सारखेच मिळतात. प्रत्येक वाक्य चार-पाच वेळा भरावं. एकाच मापावर विसंबू नये. चित्राची वरची हद्द पाच हजार हर्ट्झ ठेवली की पट्ट्या नीट दिसतात, ‘स’ पाहायचा असेल तर ती दहा हजारांवर न्यावी. ‘थार’मध्ये स्फोटाच्या रेघेपासून पहिल्या उभ्या रेघेपर्यंतचा पट्टा माउसने निवडला की त्याची लांबी पडद्यावर आपोआप येते. ‘दार’मध्ये स्फोटाच्या डावीकडे, अगदी तळाशी, एक फिकट काळी पट्टी शोधावी, तोंड बंद असताना चाललेली ती स्वरतंतूंची थरथर.

भरताना पंखा मात्र बंद ठेवा. पंख्याचा घरघराट चित्रात जिथे तिथे भुरभुर पसरवतो, आणि ‘धार’मधला सुस्कारा शोधू गेलं तर दोन्ही एकमेकांत बेमालूम मिसळलेले दिसतात.